लाईट गेली तरी राउटर चालू: रिलेशिवाय आपोआप बदल

खानापूर तालुक्यात पाऊस लागला की लाईटचा काही भरवसा नाही, त्यात कणकुंबी-जांबोटीकडची बाजू असली तर बोलायलाच नको. लाईट अर्धा मिनिटच जाते, पण राउटर पुन्हा उठून नेट पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. मुलांचा ऑनलाइन वर्ग तेवढ्यात हुकतो.

लाईट गेली की राउटर बॅटरीवर जावा म्हणून मी आधी रिले (कॉइलला करंट मिळाला की ओढला जाणारा स्विच) वापरला आणि घाईत त्याची कॉइल राउटरकडच्या आउटपुटवर जोडली. लाईट गेल्यावर बॅटरीने रिले ओढला, ओढताच बॅटरी तुटली, तुटताच रिले सुटला. शाळेच्या बेलसारखी टरटर! कॉइल ॲडाप्टरवर घेतली तेव्हा टरटर थांबली, राउटर मात्र बंद पडायचाच. बारा व्होल्टचा रिले ओढायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याहून फार कमी व्होल्टेजवर तो सुटतो. तो सुटेपर्यंत राउटरचा जीव गेलेला असतो.

म्हणून आता डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने, पट्टीच्या बाजूकडे, जाऊ देणारा भाग. दोन पुरवठे दोन डायोडमधून एका बिंदूवर आणले की ज्याचं व्होल्टेज जास्त, तोच देतो. दुसऱ्याचा डायोड आपोआप बंद. मधे क्षणाचीही फट नाही. पण १२ व्होल्टचा ॲडाप्टर इथे चालत नाही. चार्जिंगवरची बॅटरी १३.८ व्होल्टवर असते, त्यामुळे लाईट असतानाही तीच वापरली जाते. ॲडाप्टर बॅटरीपेक्षा ठळक वरचा हवा. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा पडून असेल, तो झकास.

बाकी सामान असं: १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी, १एन५८२२ जातीचे तीन शॉटकी डायोड, एलएम३१७ची (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीची) प्रीसेटवाली, म्हणजे फिरवून व्होल्टेज ठरवता येणारी, तयार प्लेट, ३.३ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर, ३ अँपिअरचा फ्यूज, ११ व्होल्टला तोडणारी लो-व्होल्टेज कटऑफ प्लेट आणि बक-बूस्ट मॉड्यूल (इनपुट कमी-जास्त झालं तरी आउटपुट ठरलेल्या व्होल्टेजवर ठेवणारं). हे मॉड्यूल निदान २५ व्होल्ट इनपुट सोसणारं घ्या. राउटरखालचं लेबलही वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

आधी चार्जिंगची बाजू. ॲडाप्टरचा प्लस एलएम३१७च्या इनपुटला द्या. आउटपुटपासून रेझिस्टर, मग डायोड, मग फ्यूज, मग बॅटरीचा प्लस. फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून हवा. बॅटरी जोडण्यापूर्वी डायोडनंतर १ किलोओहमचा रेझिस्टर मायनसला लावा आणि मीटरवर १३.८ व्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवा. हा रेझिस्टर न लावता मोजलं तर मीटर जास्त दाखवतो आणि बॅटरीला कमी मिळतं. बॅटरी उतरलेली असताना ३.३ ओहममुळे करंट पाऊण-एक अँपिअरच्या आसपास राहतो, भरत आली की आपोआप घटतो. एलएम३१७ला चांगला हीटसिंक लावा, चार वॅटच्या आसपास उष्णता निघते.

आता बदलाची बाजू. ॲडाप्टरच्या प्लसला एक डायोड जोडा. बॅटरीकडून फ्यूजनंतर कटऑफ प्लेट आणि दुसरा डायोड. दोन्ही डायोडच्या पट्टीची बाजू एकत्र करून बक-बूस्टच्या प्लस इनपुटला जोडा. सगळे मायनस एकत्र. कटऑफ प्लेट मायनस तोडणारी असेल तर मात्र ती इथे नको, प्लस तोडणारीच मागा. बक-बूस्टचं आउटपुट १२.० वर (राउटर ९ व्होल्टचा असेल तर ९.० वर) आणा आणि मगच राउटर लावा. हा क्रम चुकला तर राउटर जळतो.

तपासायला ॲडाप्टर पटकन उपटा. राउटरचे दिवे लुकलुकले नाहीत तर जमलं. लुकलुकले तर बहुधा एखादा डायोड उलटा आहे.

दहा वॅटच्या राउटरला चांगली बॅटरी साधारण चार तास पुरते. बॅटरी हवेशीर जागी ठेवा, बंद पेटीत कोंडू नका. आमच्याकडे पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट थर येतो. तो पुसून थोडं व्हॅसलीन लावतो.