तोंडाच्या कॅन्सरनंतर जबडा आखडू नये म्हणून घरी काय करावे

ऑपरेशन झालं, सहा-सात आठवड्यांची ‘लाइट’ म्हणजे रेडिएशनही संपलं, की घरचे मायेने म्हणतात, ‘आता फक्त आराम कर.’ आराम जरूर करा, पण जबड्याला तो देऊ नका. रेडिएशनने जबड्याचे स्नायू आवळत जातात, आणि हे उपचार संपल्यावरही महिनोन् महिने चालतं. तोंड उघडेनासं झालं की घास जात नाही, दात घासता येत नाहीत, तपासताना डॉक्टरांनाही आतलं दिसत नाही.

१. आधी मोजा. स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का, पाहा. पट्टीने ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर तोंड आखडलंय. दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहा.

२. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या धुऊन घ्या. सहज मावतील तेवढ्यांची चळत दातांमध्ये धरा आणि मधोमध आणखी एक हळूच सरकवा. ताण बसेल, अर्धा मिनिट तसंच थांबा, मग सोडा. असं काही वेळा, दिवसातून तीन-चारदा. ताण चालेल, कळ नको. जबड्याचं हाड काढलं असेल, प्लेट बसवली असेल किंवा दात हलत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काडी लावू नका. पहिले काही दिवस आकडा हलतच नाही, आणि नेमके तेव्हाच बरेच जण व्यायाम सोडतात. कृपा करून सोडू नका.

३. लाळ कमी झाल्याने तोंड कोरडं पडतं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसभर गुळण्या करा.

४. मऊ भात, वरण, वर तूप, नाचणीची पेज, अंडं, दुधात कुस्करलेली पोळी. तिखट सध्या नको. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं.

५. दात काढायची वेळ आली, अगदी पाच वर्षांनी का होईना, तर दातांच्या डॉक्टरांना रेडिएशनबद्दल आधी सांगा. त्या हाडाची जखम भरता भरत नाही.

६. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉईड तपासा.

७. तंबाखू, मिश्री, सुपारी घरातूनच बाहेर काढा. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे. आणि तोंडातला नवा फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.