व्हिनलँड सागातला बाप-लेकाचा झगडा कसा वाचायचा

स्पॉयलर आहेत भरपूर, आधीच सांगतो. व्हिनलँड सागा ही माकोतो युकिमुराची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, व्हायकिंगांच्या काळातली, २००५ ला सुरू झाली आणि २०२५ ला संपली, आणि बरेच जण ती मारामारीसाठी उघडतात, उघडा की, पण बाप थॉर्स आणि पोरगा थॉर्फिन यांच्यातला झगडा त्यात हातचा निसटतो.

पहिलं म्हणजे हा झगडा डायलॉगमध्ये शोधू नका. बाप-लेक समोरासमोर बसून वाद घालतच नाहीत, पोरगा लहान असतानाच बाप जातो, मग वाद घालणार कधी? त्यापेक्षा कोणाच्या हातात काय आहे ते बघत जा. आइसलँडच्या घरात पोराला पेटीत बापाची जुनी हत्यारं सापडतात, तो उचलून बघतो आणि थॉर्स विचारतो, याने कोणाला मारणार आहेस, तुझा शत्रू कोण? मग सांगतो की तुला शत्रूच नाही, कोणालाच नसतो. ते पान लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नंतर भाडोत्री लढवय्या आस्केलॅडची टोळी घेरते तेव्हा थॉर्स नुसत्या बुक्क्यांनी माणसं आडवी करतो, आणि त्याच बापाचा खंजीर घेऊन थॉर्फिन मोठेपणी गळे कापत सुटतो, तेही बापाच्या नावाने! बापाला मारणाऱ्या आस्केलॅडशी एक द्वंद्व मिळावं म्हणून थॉर्फिन त्याच्याच टोळीत राहून तो सांगेल ते काम करतो. सूड बापासाठी आणि मोडतोय बापाचाच शब्द, इथे जरा थांबून वाचा.

थॉर्सला संत पण करू नका हां. तो स्वतः योम्सव्हायकिंगांचा, म्हणजे भाडोत्री व्हायकिंग योद्ध्यांच्या फौजेचा, नावाजलेला कसाई होता, मुलगी झाल्यावर बदलला आणि युद्धातून मेल्याचं सोंग करून पळाला, आणि यातलं काहीच पोराला धड सांगितलं नाही. माझ्या मते अर्धा घोळ तिथेच आहे, पोराला नुसतं वाक्य मिळालं, त्यामागचं रक्त नाही.

मग शेताचा भाग येतो, थॉर्फिन गुलाम होऊन केटिल नावाच्या शेतकऱ्याकडे राबतो, लोक म्हणतात बोअर आहे, स्किप मारू नका. तिथे केटिल आणि त्याचा पोरगा ओल्मार ही दुसरी बाप-लेकाची जोडी आहे, बाप शांत शेतकरी आणि पोराला योद्धा व्हायची खाज, पण शेवटी बाप लढायला निघतो आणि शरण जायचं पोरगा ठरवतो, एकदम उलटं. त्याच्या आगेमागेच थॉर्फिन ते शेत घ्यायला आलेल्या राजा क्नूटला भेटायला मिळावं म्हणून शंभर ठोसे खातो, एकही परत मारत नाही, आणि मला शत्रू नाहीत म्हणतो. आता ते पेटीवालं पान परत काढा आणि दोन्ही चेहरे शेजारी ठेवून बघा.

एवढं वाचायला वेळ नसेल तर अ‍ॅनिमेचे, म्हणजे त्यावरच्या जपानी कार्टून मालिकेचे, दोन सीझन, २०१९ आणि २०२३ चा, इथपर्यंत येतात. दुसरा संपला की पहिल्याचे सुरुवातीचे चार एपिसोड परत लावा, थॉर्स वेगळाच दिसेल.