जुने रोल स्कॅन करताना: आधी फिल्म, मग मशीन

बडोद्यातल्या मराठी घरांत, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे तर हमखास, निगेटिव्ह दोन प्रकारच्या सापडतात. एक ३५ मिमीची नारिंगी पट्टी, म्हणजे रंगीत रोलवरच्या मुंजी आणि लग्नं. दुसरी १२० च्या रोलची, ६×६ सेंटीमीटरची चौकोनी, ब्लॅक अँड व्हाइट. ही पुष्कळदा आग्फा क्लिक-थ्रीवर काढलेली असते; तो कॅमेरा बडोद्याच्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. स्कॅनर घ्यायच्या आधी डब्यात यातलं काय आहे ते बघा. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८१०० किंवा ८२००आय फक्त ३५ मिमी घेतात. चौकोनी निगेटिव्ह असतील तर एप्सन व्ही६०० किंवा व्ही८५० सारखा, झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेडच (सपाट काचेचा स्कॅनर) लागतो.

खोक्यावरच्या डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके) आकड्यावर भाळू नका. व्ही६०० वर ६४०० लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तपशील मिळतो तो साधारण १५०० ते १६०० चा. प्लस्टेकवर ७२०० लिहिलेलं असतं, हाती साडेतीन हजारांच्या थोडं पुढे येतं. बाकी सगळी नुसती फुगलेली फाइल. व्ही६०० वर ३२०० ला स्कॅन करून चित्र निम्मं करणं हा चांगला मार्ग. निम्मं करताना फिल्मचा दाणाही (चित्रातली बारीक खरखर) थोडा शांत होतो. ३५ मिमीची फ्रेम मग सुमारे २२६८×१५१२ पिक्सेलची होते, म्हणजे ३०० डीपीआयने साडेसात बाय पाच इंचांचा प्रिंट. चौकोनी निगेटिव्ह १६०० लाच पावणेबारा इंचांचा प्रिंट देते, आणि क्लिक-थ्रीचं साधं भिंग बघता त्याहून जास्त मागण्यात अर्थ नाही.

खरं काम फिल्म होल्डरमध्ये बसवण्याआधीच निम्मं झालेलं असतं. पंखा बंद करा. टेबल ओलसर फडक्याने पुसून दहा मिनिटं तसंच राहू द्या. सुती हातमोजे घाला, फिल्म कडेला धरा आणि दोन्ही बाजूंनी रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक थेंब इमल्शनवर, म्हणजे चित्राच्या थरावर, डाग पाडतो. बोटांचे तेलकट ठसे असतील तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरच्या कोपऱ्यावर जेमतेम ओलं होईल इतकंच घ्या, आणि आधी रोलच्या मोकळ्या टोकावर तपासून पाहा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि बहुतेकदा ग्लिसरीन असतं.

पावसाळ्यात दोन त्रास वाढतात. पहिला बुरशीचा. बुरशी चित्र धरून ठेवणारं जिलेटिन खाते आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. अशी निगेटिव्ह नळाखाली धरली की चित्रच निघून जातं. तिथे पाणी लावायचंच नाही. दुसरा त्रास इंद्रधनुषी वलयांचा, ज्यांना न्यूटन रिंग म्हणतात. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकली की ती उमटतात, आणि दमट हवेत फिल्म काचेला जास्तच चिकटते. उपाय एकच, फिल्म काचेपासून वर राहिली पाहिजे. गुंडाळलेली, वळलेली पट्टी आधी स्लीव्हमध्ये घालून दोन-तीन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवा. तरीही मधून पोट काढत असेल तर एका बाजूने किंचित खरखरीत असलेली अँटी-न्यूटन काच वापरा. खरखरीत बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूला लावायची. थंडीत मात्र हवा कोरडी, फिल्मवर स्थिर वीज साठते आणि धूळ ओढली जाते. तेव्हा प्रत्येक पट्टीला ब्लोअर दोनदा मारा.

एप्सनच्या होल्डरमध्ये फिल्म चकचकीत बाजू खाली करून बसते. वरून पाहिलं तर कडेची अक्षरं उलटी दिसतात. स्कॅनर खालून बघतो, त्यामुळे स्कॅन सुलटा येतो. झाकणाच्या आतली पांढरी मॅट काढायला विसरू नका. होल्डरच्या वरच्या टोकाला जी मोकळी खाच असते ती कॅलिब्रेशनची, म्हणजे स्कॅनर तिथून स्वतःचं प्रकाशमाप लावून घेतो. तिच्यावर धूळ किंवा केस पडला की प्रत्येक स्कॅनवर त्याच जागी उभी रेघ येते, आणि माणूस उगाच फिल्मवर ओरखडा शोधत बसतो.

चित्र मऊ येत असेल तर होल्डरची उंची तपासा. व्ही८५० च्या होल्डरला उंची बदलता येते, व्ही६०० च्या नाही. तिथे साध्या कागदाच्या पट्ट्या होल्डरच्या दोन्ही कडांखाली तीन-तीन वाढवत जा (कॅलिब्रेशनची खाच सोडून). तीन कागद म्हणजे साधारण ०.३ मिमी. शार्पनिंग बंद ठेवून एकच फ्रेम दर वेळी स्कॅन करा आणि १०० टक्के मोठी करून दाणा बघा. दाणा जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो ती उंची कायम. उंची वाढवताच चित्र बिघडत गेलं तर कागद काढून टाका, होल्डर मुळात ठीक आहे.

आता सॉफ्टवेअर. बहुतेकांचे रंग इथेच फसतात. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पडदा निळा प्रकाश अडवतो, म्हणून निळं चॅनल सगळ्यात अशक्त येतं आणि उलटवल्यावर त्यातच गोंगाट (नको ते ठिपके) दिसतो. त्यात ऑटो एक्स्पोजर प्रत्येक फ्रेम वेगळी मोजतं. सयाजीबागेच्या हिरवळीवरचा फोटो त्याला ‘जास्त हिरवा’ वाटतो, मग ते जांभळट करून देतं; पुढच्याच फ्रेममध्ये घरातल्या भिंती निळ्या. रोल एक, प्रकाश एक, तरी रंग दहा. म्हणून मोजमाप फ्रेमवर न करता कोऱ्या फिल्मवर करायचं.

व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये ते असं होतं. दोन फ्रेममधल्या रिकाम्या नारिंगी पट्टीवर, किंवा रोलच्या न उजळलेल्या टोकावर क्रॉप (निवडीची चौकट) ठेवा आणि प्रीव्ह्यू करा. ‘इनपुट’मध्ये ‘लॉक एक्स्पोजर’ टिक करा, पुन्हा प्रीव्ह्यू. मग ‘लॉक फिल्म बेस कलर’ टिक करा. आता क्रॉप फ्रेमवर आणा. हे मोजमाप त्या संपूर्ण रोलला चालतं. कोडॅक संपून फुजी सुरू झाली की पुन्हा पहिल्यापासून.

एप्सनच्या स्वतःच्या ‘एप्सन स्कॅन’ सॉफ्टवेअरमध्ये एवढी सोय नाही, पण निभावतं. प्रोफेशनल मोड, फिल्म टाइप ‘कलर निगेटिव्ह’, ४८ बिट, अनशार्प मास्क (शार्पनिंग) बंद, थंबनेल (फ्रेम आपोआप ओळखणं) बंद. चौकट स्वतः आखा, फ्रेमच्या थोडी आत. काळी किनार चौकटीत आली की एक्स्पोजर चुकतं. मग हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा डोंगरासारखा आलेख) उघडा आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण डोंगराच्या पायथ्याच्या बाहेर सरकवा. स्कॅन फिका, निस्तेज दिसेल. दिसू द्या, कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो. पांढऱ्या साडीच्या जरीचा स्कॅनमध्ये कापला गेलेला उजळ तपशील मात्र परत आणता येत नाही. सिल्व्हरफास्ट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ४८ बिट एचडीआर रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) काढून ठेवावं आणि नेगाफिक्सची, म्हणजे त्यातल्या निगेटिव्ह उलटवण्याच्या सोयीची, प्रोफाइल सावकाश निवडावी.

इन्फ्रारेडची साफसफाई, म्हणजे डिजिटल आइस किंवा सिल्व्हरफास्टचं आयएसआरडी, इन्फ्रारेड अडवणारी धूळ ओळखून पुसते; रंगीत निगेटिव्हवर ती उत्तम चालते. ब्लॅक अँड व्हाइटवर बंदच ठेवा. तिथलं चित्र चांदीचं, आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून केस आणि साडीचे काठ पुसून टाकतं. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या इंदू रोललाही हेच लागू. इलफर्ड एक्सपी२ अपवाद, कारण ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही रंगीत रसायनात धुतली जाते आणि चित्रात चांदी उरत नाही. कोडाक्रोम स्लाइडवरही (स्लाइड म्हणजे थेट सुलट्या रंगांची फिल्म) तिचा भरवसा धरू नका. प्लस्टेक ८१०० मध्ये इन्फ्रारेड नाहीच, ते हवं तर ८२००आय.

स्लाइडच्या गडद भागात दाटपणा फार असतो. प्लस्टेकवर मल्टी-एक्स्पोजरने, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरने दोनदा स्कॅन करून, फरक पडतो. फ्लॅटबेडवर दोन फेऱ्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत आणि चित्र मऊ होतं, म्हणून टाळा.

मूळ फाइल १६ बिट प्रति चॅनल (म्हणजेच ४८ बिट) टिफ ठेवा, घरच्या ग्रुपवर पाठवायला वेगळी जेपीईजी काढा. ३५ मिमीची फ्रेम ३२०० ला ४८ बिटमध्ये ८० एमबीच्या आसपास जाते, ३६ चा रोल जवळपास ३ जीबी. फाइलचं नाव वर्ष, रोल, फ्रेम असं: १९९४-०३-१७. पाकिटावर रोलचा तोच नंबर पेन्सिलने लिहा. एखाद्या डब्यातून व्हिनेगरचा वास आला तर तो रोल रांगेत सगळ्यांच्या पुढे घ्या आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा: त्याचा असिटेट बेस (फिल्मचा प्लॅस्टिकचा पाया) सडू लागलाय, आणि ती वाफ शेजारच्या रोलांनाही बाधते.