अफूजन्य गोळ्यांचा अतिडोस: घरच्यांनी काय करावे

सांगली जिल्ह्यात अमली पदार्थांचा विषय निघाला की एमडीचेच (मेफेड्रोन) नाव पुढे येते, आणि 2024 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे एमडीचा कारखाना सापडल्यापासून ते स्वाभाविकही आहे. मात्र एमडी उत्तेजक आहे. ट्रामाडोलच्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ब्राऊन शुगर हे अफूच्या जातीचे पदार्थ श्वासोच्छ्वासच मंदावतात, त्यामुळे माणूस झोपेतच दगावतो.

म्हणून नशेत झोपलेला मुलगा घशातून घरघर काढत घोरू लागला, तर 'झोपू दे, सकाळी बोलू' असे कधीही म्हणू नये. त्याला मोठ्याने हाका माराव्यात आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासावे. तरीही तो जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, ओठ व नखे निळसर किंवा राखाडी दिसत असतील, बुबुळातील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर लगेच 108 ला फोन करावा. जत किंवा पाटणच्या वाड्यावस्त्यांवर गाडी पोहोचेपर्यंतचा वेळ घरच्यांनाच सांभाळावा लागतो. रुग्णाला उताणे झोपवून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांना तोंडाने एक श्वास द्यावा आणि छाती वर येते का ते पाहावे. श्वास पूर्ण थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम चालू ठेवावा. श्वास नीट चालू झाल्यावर त्याला कुशीवर वळवावे. मिठाचे पाणी पाजू नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे, रिकामे पाकीट सोबत न्यावे. अफूजन्य पदार्थांवरचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनच्या इंजेक्शनाने रुग्ण शुद्धीवर येतो, पण त्याचा असर साधारण 30 ते 90 मिनिटेच टिकतो. म्हणून डोळे उघडताच घरी नेण्याची घाई जिवावर बेतू शकते.

व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचाच डोस आता जीवघेणा ठरतो. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा 14446 या मदत क्रमांकावर उपचारांची चौकशी करावी. डॉक्टरांनी अफूजन्य पदार्थांचे व्यसन सुटण्यासाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली असेल, तर 'एक नशा सोडून दुसरी कशाला' म्हणून ती परस्पर बंद करू नये.