चॅप्टरच्या स्पर्धेला केस स्टडी घेऊन येताय? या चुका टाळा

दिवाळी संपली की माझा फोन दिवसभर वाजत असतो. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार हा जागतिक गुणवत्ता दिन आणि त्याच्या आगेमागे आमच्या चॅप्टरची, म्हणजे गुणवत्तेचं काम करणाऱ्या संस्थेच्या इथल्या शाखेची, केस स्टडी स्पर्धा. कारखान्यातल्या टीमनं आपल्या कामातला एखादा प्रश्न कसा सोडवला ते त्यात मांडायचं. मग कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर, सगळीकडून एकच मागणी येते, "सर, फॉरमॅट पाठवता का?" फॉरमॅट मी पाठवतो. पण वर्षभरात ज्यांनी एक चेकशीट, म्हणजे रोजच्या नोंदींचा तक्ता, धड भरलेलं नाही, त्यांनी फॉरमॅटमध्ये भरायचं तरी काय? मशीन शॉपच्या क्वालिटीत माझी उमेदीची वर्षं गेली आणि चॅप्टरच्या कामात बारा-तेरा वर्षं झाली, कधी आयोजक म्हणून, कधी परीक्षक म्हणून. माणसं दर वर्षी नवी असतात आणि चुका त्याच असतात. ते आता बघवत नाही, म्हणून लिहितोय.

केस स्टडी उलटी लिहू नका

ही सगळ्यात मोठी चूक. उत्तर आधी ठरतं, मग त्याला शोभेल असा फिशबोन (कारणं माशाच्या काट्यांसारखी मांडणारी आकृती) काढला जातो, मग फिशबोनला शोभतील असे आकडे.

चार वर्षांपूर्वी एका मशीन शॉपची टीम आली होती. सहा जण, एकसारखे शर्ट, झकास स्लाइड्स. विषय होता बोअर अंडरसाइज, म्हणजे जॉबमधलं (मशीनवर घडवलेल्या भागातलं) गोल भोक मापापेक्षा लहान. कास्ट आयर्नचं हाउसिंग, बोअर ८० मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, एच-७, शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जॉब गिऱ्हाइकाकडून परत येत होते. फिशबोन सुरेख काढलेला होता, माणूस, मशीन, माल, पद्धत, आणि प्रत्येक काट्यावर बरोबर चार कारणं. खरा फिशबोन असा समसमान कधी भरत नाही. एका काट्यावर नऊ कारणं येतात, दुसऱ्यावर एकसुद्धा येत नाही. शेवटी मूळ कारण काय, तर 'ऑपरेटरला प्रशिक्षण अपुरे'. उपाय काय, तर प्रशिक्षण दिलं आणि रजिस्टरवर सही घेतली.

'पद्धत'च्या काट्यावर 'मोजमापात तफावत' असं लिहिलं होतं. मी टोकाला उभ्या असलेल्या ऑपरेटरला त्याबद्दल विचारलं. त्यानं आधी सुपरवायझरकडं पाहिलं, मग म्हणाला, "ते आमच्या साहेबांनी काढलंय ओ सर."

चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतलं. जॉब कुठं मोजता? "मशीनवरच. काढला की लगेच." गरम असेल की तेव्हा? "चांगला गरम असतोय. हात ठेवला तर सोसत न्हाई." आणि मग, मी काही न विचारता, त्यानं ती गोष्ट सांगितली. संध्याकाळी ज्या जॉबात गो गेज (बोअर पुरेसा मोठा आहे का ते तपासायचं माप) सरळ उतरतो, तोच जॉब सकाळी गेज घेत नाही. "मी दोनदा सांगितलंय वर. म्हणाले, तुझा हात नीट न्हाई."

कास्ट आयर्न एका अंशाला दर मीटरमागे साधारण १० ते ११ मायक्रॉन वाढतं. ८० मिलिमीटरच्या बोअरला हे अंशाला पाऊण ते एक मायक्रॉनच्या मध्ये पडतं. जॉब शॉपच्या हवेपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर बोअर १३ मायक्रॉन मोठा दिसतो. ३० मायक्रॉनच्या टॉलरन्सपैकी जवळजवळ निम्मा भाग इथंच गेला. गरम जॉब पास होतो, रात्रभर गार होतो, बोअर आखडतो आणि गिऱ्हाइकाकडं गेल्यावर अंडरसाइज निघतो. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ४० अंशांच्या आसपास असतं. प्रत्येक कारखान्याला वातानुकूलित खोली परवडत नाही हे मला कळतं. पण जॉब आणि सेटिंग रिंग (जिच्यावर मोजायचं गेज जुळवतात ती नेमक्या मापाची रिंग) दोन्ही एकाच टेबलावर दोन तास ठेवली तरी तापमानाचा घोळ बराचसा संपतो, कारण दोन्ही एकाच तापमानाला येतात. त्या टीमनं पुढं एवढंच केलं. मशीनशेजारी एक रॅक लावला, रिंग त्याच रॅकवर ठेवली, आणि जॉब परत येणं थांबलं.

ज्याला कारण ठाऊक होतं तो माणूस टीममध्ये होता, आणि सहा महिने त्याला कुणी विचारलं नाही. उलट सगळा दोष त्याच्याच प्रशिक्षणावर टाकला आणि ती स्लाइड दाखवताना त्यालाच पाठीमागं उभं केलं. याचा मला आजही राग येतो.

क्वालिटी सर्कल ही कल्पनाच मुळात त्या माणसासाठी आहे. जपानमध्ये १९६२ साली काओरू इशिकावांच्या पुढाकारानं पहिली सर्कल्स सुरू झाली. फिशबोन आकृतीही त्यांचीच. आपल्याकडं १९८० साली हैदराबादच्या भेल कारखान्यात सुरुवात झाली आणि १९८२ साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. तेव्हापासून व्याख्या तीच आहे. एकाच जागी काम करणारी सहा ते दहा माणसं, आपखुशीनं, नेमानं भेटून, आपल्याच कामातला प्रश्न सोडवतात. ऑफिसात बसून दोन रात्रींत स्लाइड्स करणाऱ्या इंजिनिअरला सर्कल म्हणत नाहीत.

माझी स्वतःची सवय सांगतो. मशीनजवळच्या खांबावर एक मोठा ब्राउन पेपर चिकटवायचा, फिशबोनचा नुसता सांगाडा काढायचा आणि सुतळीला पेन्सिल बांधून ठेवायची. दोन आठवडे तो कागद तिथंच राहू द्यायचा. ज्याला जे सुचेल ते त्यानं आपल्या अक्षरात लिहायचं. स्पेलिंग चुकू दे, खाडाखोड होऊ दे, ऑफिसातल्या कुणी ते 'फेअर' करायचं नाही. मग प्रत्येक कारण जागेवर जाऊन तपासायचं, खोटं ठरलं की लाल रेघ मारायची. स्पर्धेत त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटोच दाखवा. मी परीक्षक असलो की आधी तोच मागतो. त्यावर तेलाची बोटं उमटलेली असतात, तीन-चार हस्ताक्षरं असतात, तिसऱ्या शिफ्टवाल्यानं लिहिलेलं एखादं कारण पहिल्या शिफ्टवाल्यानं खोडलेलं असतं. काम झालंय की नाही हे मला तिथं कळतं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार केस स्टडीबद्दल एवढंच सांगतो, की एका वर्षी दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या फिशबोनमध्ये एकाच शब्दाचं स्पेलिंग एकाच पद्धतीनं चुकलेलं होतं. दोन्ही टीममधली पोरं खाली मान घालून उभी होती. नवीन इंजिनिअर मला विचारतात, "सर, दोन आठवड्यांत होईल का?" होणार नाही. आधीचे आकडे घ्यायलाच महिना लागतो, उपाय बसवायला वेळ लागतो, नंतरचे आकडे परत महिनाभर घ्यावे लागतात. सहा महिने नसतील तर या वर्षी प्रेक्षक म्हणून या आणि पुढच्या वर्षीची तयारी डिसेंबरात सुरू करा. यात काही कमीपणा नाही.

बचतीचे आकडे

"रोज २० मिनिटं वाचली, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १०० तास. मशीनचा तासाचा दर लावला की एवढी बचत." गणित बरोबर आहे, पण बचत खोटी. त्या १०० तासांत दुसरं काही काम झालं का? जॉब जास्त निघाले का, ओव्हरटाइम कमी झाला का? काहीच झालं नसेल तर एक रुपयाही वाचलेला नाही, माणूस फक्त २० मिनिटं कमी दमला. तसं असेल तर तसंच सांगा, माणूस कमी दमणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. माझा नियम सोपा आहे. बचतीचा आकडा अकाउंट्सवाल्याला दाखवायचा आणि तो सही करेल तेवढाच स्लाइडवर लिहायचा.

परेटोबद्दलही, म्हणजे दोष मोठ्यापासून छोट्यापर्यंत खांबांनी मांडणाऱ्या आलेखाबद्दलही, हेच. नुसते नग मोजू नका. फाउंड्रीत ब्लोहोल (ओतकामात हवा अडकून झालेली पोकळी) फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करताना, सापडला तर कास्टिंग परत भट्टीत जातं. मशीनिंग पूर्ण झाल्यावर सापडला तर टूल, वीज, माणसाची मेहनत, सगळं पाण्यात. दोन्हींना एकेक नग धरून परेटो काढला तर तुम्ही चुकीच्या दोषामागं धावाल. आणि 'इतर' नावाचा खांब सगळ्यात उंच आला तर समजा की तुमचं वर्गीकरण झालेलंच नाही.

फाइव्ह एससाठी, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीसाठी, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मारलेला पिवळा रंग वासावरून कळतो.

चॅप्टरचं सदस्यत्व घेतलं म्हणजे आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळत नाही. ते प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था देते, ऑडिट करून, तीन वर्षांसाठी, आणि मध्ये दर वर्षी तपासणी असते. चॅप्टर शिकवतं, माणसं जोडून देतं. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो.

मराठीत बोला

आमच्या स्पर्धेत मराठी चालते, हे दर वर्षी पत्रात ठळक छापतो. तरी कारखाने आपल्या माणसांना इंग्रजी पाठ करायला लावतात. चौदा वर्षं व्हीटीएल (उभ्या प्रकारचं मोठं लेथ) चालवणारा माणूस, जो नुसत्या आवाजावरून इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलंय हे ओळखतो, तो स्टेजवर येऊन शाळेतल्या पोरासारखं पाठांतर म्हणतो आणि मध्येच अडकला की घाम पुसत पहिल्यापासून सुरू करतो. मी अशा वेळी प्रेझेंटेशन थांबवतो आणि म्हणतो, दादा, मला मशीनवर उभा आहे असं समजून सांगा. पुढची दहा मिनिटं ऐकण्यासारखी असतात. टूल, ऑफसेट, रनआउट, चॅटर हे शब्द आपलेच झालेत, ते तसेच बोला. फक्त वाक्य तुमच्या तोंडचं असू द्या. मॅनेजर मंडळींना हात जोडून विनंती आहे, तुमच्या माणसाला हे ओझं देऊ नका.

आता आयोजकांसाठी

चुका फक्त भाग घेणाऱ्यांच्या नाहीत. चॅप्टर चालवणारे आपणही त्याच त्या वाटेनं जातो. नोव्हेंबरात तीन कार्यक्रम घेतो आणि मार्च ते सप्टेंबर शुकशुकाट. सांगलीत विश्रामबागला हॉल घेतला, पुण्याहून वक्ता आणला, एचआरला पत्र पाठवलं, आणि एचआरनं त्या दिवशी जे रिकामे होते ते पाठवले. खुर्च्या भरल्या, पण शॉपवरचा माणूस आलाच नाही, कारण वेळ दुपारी तीनची, शिफ्ट बदलायची.

मी आता एचआरला पत्र पाठवतो ते रीतीपुरतं. खरा फोन लाइन सुपरवायझरला करतो, संध्याकाळी साडेसहानंतर, तो घरी पोचल्यावर. बैठक कारखान्यातच ठेवतो, दर महिन्याला वेगळ्या. पहिला तास शॉपवर फिरायचं, आणि यजमानांनी आपलं एक तरी न सुटलेलं दुखणं दाखवायचं, ही अट. सुटलेले प्रश्न दाखवायला सगळे तयार असतात, न सुटलेले दाखवायला धीर लागतो. एकदा एका छोट्या कारखान्याच्या मालकानं रिजेक्शनचा ढीग झाकून न ठेवता सरळ समोर मांडला. दोन फाउंड्रीवाल्यांनी तिथंच उकिडवं बसून कास्टिंग फोडून पाहिलं आणि वाळूच्या ओलाव्यावर अर्धा तास वाद घातला. हॉलमधल्या कुठल्याही व्याख्यानात मी अशी चर्चा ऐकलेली नाही. बैठक आठच्या आत संपवायची, पलूसकडच्या लोकांना परत जायचं असतं.

बक्षीस मिळालं, पुढं काय?

दुसरी मोठी चूक ही. स्पर्धा झाली की फाइल कपाटात.

एका टीमला आम्ही पहिला क्रमांक दिला होता. जॉब उलटा बसू नये म्हणून त्यांनी फिक्स्चरमध्ये (मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साच्यात) एक पिन बसवली होती. चुकून उलटा ठेवला तर जॉब बसणारच नाही, असा साधा पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती. खर्च किरकोळ आणि कल्पना ऑपरेटरची स्वतःची. पुढं सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या कारखान्यात गेलो तर सहज म्हणून ते मशीन बघायला गेलो. पिन नव्हती. नुसतं भोक होतं आणि त्यात धातूचा चुरा भरलेला. ऑपरेटरही नवा होता. तो म्हणाला, मी आलो तेव्हापासून असंच आहे. शोध घेतल्यावर कळलं, एकदा जॉब हातातून सुटून पिन वाकली, शिफ्ट थांबू नये म्हणून काढून टाकली, आणि स्टोअरमध्ये दुसरी नव्हती. पिन ड्रॉइंगवर चढवलेली नव्हती, सुट्या भागांच्या यादीत नव्हती, रोजच्या चेकशीटमध्ये तिची ओळ नव्हती. जॉब परत उलटे बसायला लागले होते. ऑफिसच्या भिंतीवर आमची ट्रॉफी मात्र पुसून लख्ख ठेवलेली होती.

यात चूक आमचीही होती. 'प्रमाणीकरण' नावाची स्लाइड आम्ही पाहिली, तिला गुण दिले, आणि कागद बदललेत का हे विचारलंच नाही. आता विचारतो. सुधारलेलं ड्रॉइंग आणा, नवीन रिव्हिजन नंबर दाखवा, स्टोअरच्या यादीत तो भाग कुठल्या ओळीवर आहे ते दाखवा. नवीन माणूस आल्यावर त्याला हे कोण आणि कुठल्या कागदावरून सांगणार, तेही सांगा. पन्नास रुपयांच्या पिनसाठी एवढं कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी त्या भोकाचा फोटो दाखवतो.

आणि मे महिन्यात, आधीच्या नोव्हेंबरात जिंकलेल्या तिन्ही टीम्सच्या मशीनवर आम्ही दोघं-तिघं जाऊन येतो. सांगून जात नाही, फक्त गेटवर सिक्युरिटीला आणि प्लँट हेडला फोन असतो. बरोबर त्यांच्याच प्रेझेंटेशनची प्रिंट असते. मशीनसमोर उभं राहून एकेक उपाय जागेवर आहे का बघायचं आणि असेल तर पेननं बरोबरची खूण करायची. गेल्या मे महिन्यात एका टीमच्या सहाच्या सहा खुणा झाल्या. त्यांच्या फिक्स्चरशेजारी एका छोट्या डबीत दोन जादा पिना ठेवलेल्या होत्या, डबीवर खडूनं तारीख, आणि चेकशीटवर त्या दिवसाची सही.