बिग बोअरसाठी काडतूस निवडताना: ३०० मीटर आणि १००० यार्ड

कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. बिग बोअरकडे, म्हणजे .२२ पेक्षा मोठ्या काडतुसांच्या नेमबाजीकडे, नव्याने वळणारे बहुतेक जण इथेच चुकतात: शिकारीचा हिशोब डोक्यात ठेवून मोठं, जोरकस काडतूस घेतात आणि चाळिसाव्या गोळीला खांदा बोलायला लागला की गुण कुठे गेले ते शोधत बसतात. टार्गेटसाठी काडतूस निवडताना प्रश्न एकच असतो. ठरलेल्या पल्ल्यावर वाऱ्यात कमीत कमी सरकणारी गोळी, सोसवेल एवढ्या धक्क्यात, सबंध सामनाभर एकसारखी कोण देईल?

त्याआधी नियमपुस्तक उघडा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ३०० मीटर प्रकारांत ८ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर (गोळीचा व्यास) चालतं. ट्रेसर, चिलखतभेदी आणि आग लावणाऱ्या गोळ्यांना बंदी आहे. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावता येत नाही, म्हणजे धक्का कमी करायचा तर तो काडतुसातच कमी करावा लागतो. लांब पल्ल्याच्या टार्गेट रायफल प्रकारात निवड आणखी आखडते. इक्फ्राच्या (फुलबोअर रायफल संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत तिथे .३०८ किंवा .२२३ (इंचांतली मापं) हीच दोन काडतुसं चालतात आणि .३०८ ची गोळी १५६ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आतली लागते. एफ-क्लासच्या (टेकू आणि दुर्बीण लावून मारण्याच्या प्रकाराच्या) एफ-टीआर गटातही हीच दोन काडतुसं आहेत, पण गोळीच्या वजनाची अट नाही. एफ-ओपनमध्ये ८ मिलिमीटरपर्यंत मोकळं रान. आधी सामना ठरवा, मग पल्ला, मग काडतूस. उलट क्रमाने गेलेल्यांच्या कपाटात न वापरलेल्या रायफली असतात.

३०० मीटर

या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिमी व्यासाचं असतं, म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत ५ सेंमी. आता वारा बघा. बाजूने सेकंदाला १ मीटर वेगाचा वारा असेल, तर .३०८ ची १६८ ग्रेनची गोळी ३०० मीटरवर साधारण ५ ते साडेपाच सेंमी सरकते. ६ मिमी नॉर्मा बीआरची (थोडक्यात ६ बीआरची) १०५ ग्रेनची गोळी सरकते चार-सव्वाचार सेंमी. सेकंदाला १ मीटर म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक. वाचनात एवढीच चूक झाली तर .३०८ चा मधला नेम दहाच्या रेषेवर जाऊन बसतो आणि ६ बीआरचा आत राहतो. हा सेंटिमीटरभर फरक ६० गोळ्यांवर पसरला की पदक कोणाचं ते ठरतं.

म्हणून ३०० मीटरला ६ बीआर पसंत केलं जातं. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) आखूड आणि रुंद. आत दारू ३० ग्रेनच्या आसपास, .३०८ मध्ये ती ४५ च्या घरात जाते. धक्का इतका हलका की गोळी सुटल्यावरही दुर्बिणीविना साइटमधलं चित्र फारसं हलत नाही, आणि उभ्या पोझिशनमध्ये त्याची खरी किंमत कळते. नळी नीट सांभाळली तर अडीच-तीन हजार गोळ्या सहज टिकते. एक अडचण मात्र आहे. पुंगळी आखूड असल्याने .३०८ च्या मापाच्या मॅगझिनमधून ती नीट चढत नाही. एकेक काडतूस हाताने भरणाऱ्याला याचं काही वाटत नाही. पण लष्करी जलद फैरीच्या प्रकारात घड्याळ चालू असताना काडतूस आडवं अडकलं, तर सगळी मालिका वाया जाते.

त्यासाठी ६.५×४७ लापुआ चांगलं. लापुआ आणि स्वित्झर्लंडच्या ग्रुनिग अँड एल्मिगर यांनी २००५ मध्ये ते ३०० मीटरच्या नेमबाजीसाठीच काढलं. ते मॅगझिनमधून सुरळीत चढतं, वाऱ्यात चांगलं चालतं. धक्का ६ बीआरपेक्षा जास्त, .३०८ पेक्षा कमी. ६.५×५५ स्वीडिश जुनं असलं तरी वाईट नाही, फक्त आता त्यासाठी नवी रायफल बांधून घेण्यात अर्थ नाही. मिळालीच तर वापरा.

.३०८ ला मोडीत काढू नका. फॅक्टरीची मॅच काडतुसं याच मापात सहज मिळतात, नळी पाच हजारांच्या पुढे जाते आणि सरावाचा खर्च आटोक्यात राहतो. पहिली दोन वर्षं वारा वाचायला शिकण्यात जाणार असतील, तर .३०८ वरच शिकावं. चूक केली की ते स्पष्ट दाखवतं.

१००० यार्ड

इथे गणित बदलतं. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर किंवा पाल्मा या लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ८००, ९००, १००० यार्डांवर मारायचं असतं, आणि तिथे गोळी टार्गेटपर्यंत ध्वनीच्या वेगाच्या वर राहिली पाहिजे. हवेत हा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास असतो. त्या वेगाच्या जवळ आली की गोळी डळमळू लागते. म्हणून टार्गेट रायफलला ३० इंची लांब नळी लावतात. १५५ ग्रेनची गोळी त्यातून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास सुटते आणि १००० यार्डांवर जेमतेम थोडी शिल्लक ठेवून पोचते. तीच गोळी २४ इंची नळीतून सोडली तर वेग ५०-६० मीटरने कमी, आणि शेवटच्या शंभर यार्डांत ती भरवशाची राहत नाही.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे सिएराची जुनी १६८ ग्रेनची मॅचकिंग. ती घडवली होती ३०० मीटरसाठी, आणि तिथे ती आजही उत्तम आहे. पण तिच्या शेपटीचा उतार फार तीव्र असल्याने ध्वनीच्या वेगाजवळ आल्यावर ती तोल सोडते. ६०० यार्डांवर सुरेख ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देणारं काडतूस ९००-१००० वर कागद सोडून जातं ते याच कारणाने. रायफलला दोष देण्याआधी डबीवरचं वजन वाचा.

एफ-टीआरमध्ये १८५ ते २०० ग्रेनच्या लांब गोळ्या वारा चांगला कापतात, पण रायफल बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) उडते आणि पकड बदलली की ग्रुप उभा पसरतो. एफ-ओपनसाठी .२८४ विंचेस्टर आणि १८० ग्रेनची ७ मिमी गोळी ही समजूतदार निवड. ६.५-२८४ नॉर्मा वाऱ्यात देखणं चालतं, पण नळी हजार-बाराशे गोळ्यांत थकते. वर्षाला दीड हजार गोळ्या मारणाऱ्याने हंगाम संपायच्या आत नवी नळी बसवायची तयारी ठेवावी.

ट्विस्ट, चेंबर, परवाना

काडतुसाचं नाव बरोबर असलं तरी नळीचा ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) चुकला तर सगळं फुकट. १०५ ग्रेनच्या ६ मिमी गोळीला ८ इंचाला एक फेरा लागतो. बेंचरेस्टसाठी (मेजावर टेकवून मारण्याच्या प्रकारासाठी) बनलेल्या काही ६ बीआर नळ्या १४ इंचांच्या असतात, त्या ६८ ग्रेनच्या आखूड गोळ्यांसाठी. त्यातून १०५ मारली की कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, कुलपातल्या चावीच्या भोकासारखं भोक दिसतं. ते दिसलं की थांबा, साइट फिरवत बसू नका. .३०८ मध्ये १५५ ग्रेनला १३ इंची ट्विस्ट पुरतो, २०० ग्रेनला १० इंची घ्या.

.३०८ विंचेस्टर आणि ७.६२×५१ नाटो बाहेरून सारखीच दिसतात, पण लष्करी चेंबरचा (काडतूस बसतं त्या पोकळीचा) हेडस्पेस, म्हणजे बोल्टपासून पुंगळीच्या खांद्यापर्यंतचं अंतर, थोडा जास्त असतो. तिथे पुंगळी जास्त ताणली जाते. बुडापासून सेंटिमीटरभर वर चकचकीत कडं दिसलं तर ती पुंगळी पुन्हा भरू नका, पुढच्या वेळी ती तिथेच तुटते.

भारतात आणखी एक पायरी आहे. लष्करी मापाची काडतुसं निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापांत) मोडू शकतात, आणि परवान्यावर कॅलिबर नोंदलेलं असतं. रायफलची बोलणी करण्याआधी राज्य संघटनेकडून आणि परवाना कार्यालयाकडून हे लेखी विचारून घ्या. दादासाहेब मावळंकरांनी १९५१ मध्ये उभ्या केलेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सामन्यांत बिग बोअर आहे, पण महाराष्ट्रातले बहुतेक नेमबाज .२२ वर वाढलेले. त्यांना एक सवय आयती असते: लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसं) तपासण्याची. ती इथेही तशीच चालवा.

तपासणी

तीन गोळ्यांचा ग्रुप काही सांगत नाही. टेकूवरून, सामन्याच्याच पल्ल्यावर, दहा गोळ्यांचे तीन ग्रुप मारा. ३०० मीटरला दहा गोळ्या ६० मिमीच्या आत बसल्या तर ते काडतूस ठेवा. ८० च्या पुढे गेल्या तर दहाच्या वर्तुळात तुमच्या स्वतःच्या चुकीला जागाच उरत नाही. क्रोनोग्राफ लावून वेगातला फरक बघा. सेकंदाला १० मीटरचा फरक ३०० मीटरवर दीड सेंमी वर-खाली करतो आणि खपून जातो. १००० यार्डांवर तोच फरक सुमारे २० सेंमी होतो.

जमलेल्या लॉटच्या डब्या हंगामभराच्या घेऊन ठेवा. एका सामन्याला साइटर (नेम जुळवायच्या गोळ्या) धरून पंचाहत्तर, शिवाय सराव. रेंजवर डबी सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवा. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून वारा पडायची वाट बघू नका. अर्ध्या मिनिटात दारू गरम होते आणि पुढची गोळी वर लागते. थांबायचं असेल तर बोल्ट उघडा, काडतूस बाहेर काढा, वारा परत आला की नवीन भरा.