उपकथानक मुख्य गोष्टीत कुठे गुंतवायचं?

उपकथानक पानं वाढवण्यासाठी नसतं. मुख्य पात्राच्या निर्णयावर ताण आणणारी दुसरी गोष्ट म्हणजे उपकथानक. म्हणून आधी मुख्य कथानक एका वाक्यात लिहा आणि त्यातल्या निर्णयाखाली रेघ मारा.

समजा, वरळीच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली सोडायला सुशीलाबाई तयार नाहीत. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार असूनही. करारावर सही करायची की नाही, हा निर्णय. त्यांचा मुलगा महेश धंद्यात बुडालाय आणि नव्या घरापोटी त्याने कुणाकडून तरी गुपचूप इसार (विक्रीची आगाऊ रक्कम) घेतलाय. हे उपकथानक, कारण ते थेट सहीवर येऊन आदळतं. शेजारचे कदमकाका खुशीने खोली सोडून कोकणात जातात, तेही चालेल. त्याच प्रश्नाचं ते दुसरं उत्तर आहे. मजल्यावरच्या पोरापोरींचं प्रेमप्रकरण मात्र गाळून बघा. सहीचं काहीच बिघडत नसेल, तर ते कितीही गोड असो, त्याची वेगळी कथा करा.

दोन धागे नुसते आलटूनपालटून आणणं ही नेहमीची चूक. त्यांची गाठ एखाद्या वस्तूत मारा. महेशने झेरॉक्ससाठी नेलेलं रेशनकार्ड सुशीलाबाई कागदपत्रांच्या तपासणीआधी उघडतात आणि प्लास्टिकच्या कव्हरातून इसारपावतीची घडी केलेली प्रत खाली पडते. आता महेशला कबुलीचं लांबलचक भाषण द्यायला लावायची गरज नाही.

६०,००० शब्दांच्या कादंबरीला दोन उपकथानकं पुरतात, तीन म्हणजे फार झाली. सगळी मिळून तृतीयांशापेक्षा जास्त जागा देऊ नका. ३,००० शब्दांच्या कथेत एकच, तेही दोन-चार परिच्छेदांत.

वहीत तीन रकाने आखा: प्रकरण, उपकथानकात काय घडलं, त्याने सुशीलाबाईंचं काय बदललं. तिसरा रकाना लागोपाठ दोनदा कोरा राहिला, की तिथे वाचक न वाचताच पानं उलटणार. महेश पहिल्या पाव भागातच दिसू द्या आणि तीन प्रकरणांहून जास्त काळ गायब ठेवू नका, नाहीतर पावती सापडणं निव्वळ योगायोग वाटतो. त्याच्या कर्जाचा सोक्षमोक्ष सहीच्या आधी लावा; दोन्ही एकाच प्रकरणात कोंबलं की एकही नीट भिडत नाही.

लिहिताना महेशच जास्त जिवंत होऊ लागला, तर घाईने त्याला कापू नका. खोली त्याच्या नावावर करून सहीचा निर्णय त्याच्याकडे द्या आणि पहिली दोन प्रकरणं तशी लिहून बघा.